तुरुंगाच्या वहीतील एक ओळ

परप्रांती स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून वंशावळी जपण्याची हौस मोठी आहे. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणत्या पिढीने गाव सोडले, कोण कोणाला दत्तक गेले, हे सारे कोठे ना कोठे लिहून ठेवलेले असते. भाऊबंदकीचे खटलेसुद्धा तारीखवार सापडतात. परंतु घरातील कोणा माणसास पोलिसांनी धरून नेले होते काय, नेले असल्यास कोठे ठेवले आणि केव्हा सोडले, यासाठी वंशावळीत रकाना नसतो. त्याविषयी पहिली पिढी हलक्या आवाजात बोलते, दुसरी बोलतच नाही, आणि तिसरीच्या हाती केवळ एक कुजबूज राहते. अशा एका कुजबुजीचा माग आम्ही गेली दोन वर्षे काढीत होतो. त्या खटाटोपात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण असा प्रश्न मनात घेऊन बसलेली घरे आमच्याप्रमाणे इतरही असतील.

आमचे मूळ गाव गोव्यातील पेडणे तालुक्यातले कोरगाव. आमचे आजोबा नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आले आणि तेथलेच झाले. त्यांचे धाकटे बंधू मात्र गावीच शेती करून राहिले. त्यांना आम्ही धाकटे आजोबा म्हणत असू. श्रीकमळेश्वराचे दर्शन, भाताची खाचरे, माडांच्या रांगा आणि धाकट्या आजोबांचे मोजके बोलणे एवढ्यावर आमच्या बालपणीच्या कोरगावच्या आठवणी संपतात. ते १९७१ साली वारले. ते काही महिने पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. कशासाठी होते, हे मात्र कोणी सांगत नसे.

पेडण्याच्या सरहद्दीचे त्या दिवसांतील चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढची गोष्ट कळावयाची नाही. १९५५ च्या १८ मे रोजी सेनापती बापट व ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची मोठी तुकडी गोव्यात शिरली. जुलैत मधु लिमये गेले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र लोक चहूकडून सीमा ओलांडू लागले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल त्या दिवशी पत्रादेवीला पडले. पत्रादेवी पेडणे तालुक्यातच आहे. तेथे आज हुतात्मा स्मारक उभे आहे. गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्याशी संबंध तोडले, सप्टेंबरपासून भारताची तेथील वकिलात बंद झाली, आणि सरहद्दीवरच्या गावांचे नित्याचे जाणेयेणे थांबले. बांद्यास दिलेली लेक आणि पेडण्यातील माहेर यांमध्ये बंदुका उभ्या राहिल्या.

नाकेबंदी आली की चोरटा व्यापार येतोच. गोव्यात परदेशी माल उतरत असे व सीमेपलीकडे त्याला गिऱ्हाईक असे. तेरेखोलची खाडी कोरगावापासून काही दूर नाही. रात्री होडीतून काय जाते आणि काय येते याविषयी गावात बोलले जाई. त्यामुळे त्या वर्षी पेडण्यात धरल्या गेलेल्या माणसाबद्दल दोनच तर्क होत असत. एक, त्याने सत्याग्रहींना वाट दाखविली, भाकर दिली वा पत्रके पोहोचविली. दुसरा, तो चोरटा माल नेत होता. धाकट्या आजोबांविषयी गाव असाच दुभंगलेला होता.

पुरुषमाणसांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली असेल. पण त्यांच्या मुलीस, म्हणजे आमच्या माई आत्याला, ती जन्मभर टोचली. वडिलांना नेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे तिचे लग्न ठरत असता एका स्थळाने ‘तुरुंगात जाऊन आलेल्याची मुलगी’ एवढे शब्द ऐकवून नकार दिला. तिचे लग्न दुसरीकडे झाले, संसार उत्तम झाला; तथापि ते शब्द तिच्यापाशी राहिले. आज ती ऐंशीची आहे. दोन वर्षांपूर्वी तिने आम्हास बोलावून घेतले आणि तिच्या पेडण्याच्या बोलीत म्हटले, ‘‘माका इतकेंच सांग, बाबा खंय आशिल्लो?’’ कशासाठी नेले, हे तिने विचारले नाही. कोठे होते, एवढेच विचारले. या प्रश्नाचे कारण आम्हास मागाहून कळले. धाकटी आजी त्या पावसाळ्यात फडक्यात भाकरी बांधून आधी गावच्या रेजिदोराकडे, मग पेडण्याच्या पोलीस ठाण्यावर, मग नदी ओलांडून म्हापशास गेली होती. सोबत माई आत्या होती. ‘येथे नाही’ याहून निराळे उत्तर त्यांना कोठेही मिळाले नाही. भाकऱ्या तिसऱ्या दिवशी दोघींनी वाटेतच खाल्ल्या. पुढे साडेसहा महिने तो माणूस जिवंत आहे की नाही हेही घरात ठाऊक नव्हते.

पुढाऱ्यांच्या कैदेचा इतिहास सापडणे अवघड नाही. त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले, हे पुस्तकांत आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये पकडले गेलेले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातून थेट जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर सुटले, हेही सर्वश्रुत आहे. गोरे, लिमये यांच्यासारखे लोक आग्वादच्या किल्ल्यात होते. १९५७ च्या आरंभी त्यांची सुटका झाली. परंतु कोरगावच्या एका शेतकऱ्याची कैद कोण लिहून ठेवणार? ती असलीच तर ज्याने कोंडले त्याच्याच वहीत असणार, आणि त्याच्याच भाषेत.

असा कागद शोधू लागल्यावर पहिली अडचण येते ती नावाची. पोर्तुगीज कारकून आपली नावे आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत उतरवीत. त्यांच्या लेखनात आपल्या ‘श’ साठी बहुधा इंग्रजीत ज्याला ‘एक्स’ म्हणतात ते अक्षर येते. तेव्हा शंकर वा शाबा नावाचा माणूस ‘एस’च्या पानावर शोधून उपयोग नाही. परबाचे ‘पोरोबो’ होते, विठ्ठलाचे ‘विटोल’ होते. जुन्या पोर्तुगीज सूचीत माणसे आडनावाने न लावता पाळण्यातल्या नावाने लावलेली असतात. म्हणून एकाच नावाच्या दहा-वीस जणांतून आपला माणूस वडिलांच्या नावावरून व गावावरून ओळखावा लागतो. गावाचे नावही निरनिराळ्या पानांवर निरनिराळे लिहिलेले आढळते. हे सारे आम्हास एका निवृत्त शिक्षकांनी शिकविले. त्यांनी आपला एक चुलता असाच शोधून काढला होता.

दुसरी अडचण जागेची. त्या काळी धरलेला माणूस एका ठिकाणी राहत नसे. पेडण्याला धरले, म्हापशाच्या कोठडीत विचारपूस झाली, पणजीच्या पोलीस मुख्यालयात नेले, तेथून रेइश मागुश वा आग्वादला धाडले, असा प्रवास होई. दर ठिकाणी निराळी वही. १९६१ च्या डिसेंबरात राज्य बदलले, पुढे कचेऱ्या बदलल्या, इमारती बदलल्या. आग्वादचा तुरुंग २०१५ साली कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती कारागृहात गेला आणि त्या जुन्या वास्तूत आता स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय झाले आहे. पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांचे दप्तर लिस्बनच्या ‘तोर्रे दु तोंबू’ या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पणजीलाही पुराभिलेखाचे खाते आहे आणि त्याची परंपरा १५९५ पर्यंत, दियोगु दु कोतु या इतिहासकारापर्यंत मागे जाते. तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ हे एका कचेरीचे उत्तर म्हणजे ‘कोठेच नाही’ असे समजू नये. आम्हास ते उत्तर एका कचेरीत तीनदा मिळाले. चौथ्या खेपेस एका तरुण कारकुनाने आपण होऊन दुसऱ्या दप्तराची वाट दाखविली.

तिसरी अडचण आमच्याच सरकारी रीतीतून आलेली. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना केली. १९८० पासून तिला सन्मान योजनेचे रूप आले. तिच्यासाठी साधारणतः सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला लागे, आणि मूळ कागद न मिळाल्यास सहबंदींचे दाखले चालत. ज्यांनी अर्ज केले त्यांची कागदपत्रे अशा रीतीने एकत्र आली व टिकली. पुढे १९९३ साली मुकुंदलाल भंडारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नये. आणि २००१ साली गुरदयालसिंग खटल्यात सांगितले की अशा माणसाकडून फौजदारी खटल्यातल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. धाकटे आजोबा योजनेच्या एक वर्ष आधी गेले. अर्ज नाही, म्हणून कागद नाही. आणि कागद नाही, म्हणून गावाच्या जिभेला लगाम नाही.

अखेर ती ओळ सापडली. कसरीने कडा कुरतडलेल्या, तुरुंगात आत घेतलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या एका वहीत ती होती. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, गाव, धंदा, कोणाच्या हुकमाने, आत घेतल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेरा. नाव वाकडेतिकडे लिहिलेले, पण बापाचे नाव बरोबर. धंदा शेतकरी. आत घेतल्याची तारीख २१ ऑगस्ट १९५५. सोडल्याची ३ मार्च १९५६. ठेवून घेतलेल्या चीजवस्तूंत एक उपरणे, एक चांदीची अंगठी व रोख दोन रुपये सहा टांग. गोव्यातील त्या वेळचा रुपया सोळा टांगांचा असे. सोडताना या वस्तू पोचल्याची सही होती, आणि ती देवनागरीत होती. पानावर वरपासून खालपर्यंत पोर्तुगीज अक्षरे, आणि त्यांत आमच्या घरातली ती एकच मराठी सही.

आता प्रश्न कारणाचा. त्या रकान्यात एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ ‘चौकशीसाठी’. सत्याग्रहही नाही, चोरटा मालही नाही. ज्या एका शब्दासाठी आम्ही दोन वर्षे खपलो, तो शब्द त्या वहीने दिलाच नाही. आरोप ठेवल्याचा वा न्यायालयापुढे नेल्याचा उल्लेख त्या ओळीत नव्हता. साडेसहा महिने चौकशीसाठी, एवढेच.

याच पानावर त्यांच्या वर व खाली त्याच दिवशी आत घेतलेली आणखी चार नावे आहेत. चौघेही पेडणे तालुक्यातले, हुकूम एकाच अधिकाऱ्याचा, कारणाचा शब्दही एकच. त्यांपैकी एकाच्या घरी आम्ही गेलो. त्या गृहस्थांना पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली होती. पत्रादेवीच्या गोळीबारानंतर जखमी सत्याग्रहींना लपविल्याच्या संशयावरून आपल्या वडिलांना व त्यांच्या सोबत्यांना धरले होते, असे त्यांच्या मुलाने सांगितले. सोबत्यांत कोरगावचा एक होता, त्याचे नाव मात्र त्यांच्या ध्यानी नव्हते. यावरून काय निघते ते वाचकांनीच पाहावे. आमचे मन एका बाजूस झुकते हे उघड आहे. परंतु शेजारच्या ओळीवरून केलेले अनुमान म्हणजे आपल्या ओळीतील मजकूर नव्हे, हेही तितकेच खरे.

माई आत्याला आम्ही छायाप्रत दाखविली व सारे जसेच्या तसे सांगितले. तिने कारणाचा रकाना फारसा विचारलाच नाही. तारखा दोनदा वाचून घेतल्या. ‘‘म्हणजे आई म्हापशाला विचारायला गेली तेव्हा बाबा आतच होते,’’ एवढे म्हणाली आणि सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. घरातील एका उत्साही पुतण्याने तसबिरीखाली ‘स्वातंत्र्यसैनिक’ असे लिहिण्याची सूचना केली. ती तिने मोडून काढली. म्हणाली, ‘‘बाबांनी स्वतः म्हटलं नाही ते आपण कशाला म्हणायचं? तारखा लिहा. ज्याला समजायचं त्याला समजेल.’’

या अनुभवातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. अटकेची नोंद ही दार उघडल्याची व मिटल्याची नोंद आहे. माणूस आत गेला हे ती सांगते. त्याने काय केले हे ती सांगत नाही. लोक मात्र तिच्यावरून दुसरीच गोष्ट वाचतात. आज हा धोका वाढला आहे. अमेरिकेत असलेल्या आमच्या भाच्याने सांगितले की तेथील पुष्कळ काउंटींमध्ये, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागांत, शेरीफच्या तुरुंगात कोणास आणले त्याची यादी छायाचित्रासह रोजच्या रोज प्रसिद्ध होते. आईबापांना मुलगा कोठे आहे हे तात्काळ कळते, हा मोठा लाभ. पण पुढे तो निर्दोष सुटला तरी ते छायाचित्र फिरतच राहते. अशी छायाचित्रे गोळा करून ती काढून टाकण्यासाठी पैसे मागण्याचा धंदाही तेथे निघाला, आणि कित्येक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. नोंद लपविली तर धाकट्या आजीसारखी कोणी भाकरी घेऊन दारोदार फिरते. नोंद चव्हाट्यावर मांडली तर माई आत्यासारखी कोणी जन्मभर एक शब्द वागवते. या दोहोंमधली वाट काढणे सोपे नाही.

आपल्या देशाने ती वाट कशी आखली आहे, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे, कारण प्रसंग सांगून येत नाही. अटक झालेल्यास कारण सांगितले पाहिजे व प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या वा गावच्या साक्षीदाराची सही आणि नातलगास खबर देणे ही बंधने पोलिसांवर घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमानुसार दर जिल्ह्यात व दर पोलीस ठाण्यात अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमावयाचा असून ती माहिती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावावयाची आहे. ४८ वे कलम नातलगास वा मित्रास कळविण्याचे आहे. सप्टेंबर २०१६ च्या आदेशाने, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळून, प्राथमिक खबर साधारणतः चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावी असे ठरले. आणि कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मागता येते. एरवी मुदत तीस दिवसांची असते. अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती नाकारण्याची पुष्कळशी कारणे त्या कायद्याने काढून घेतली आहेत, हे जुना कागद शोधणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

तेव्हा कोणाचा मुलगा वा भाऊ परगावी अडकल्याची वार्ता आली तर धीर सोडू नये. प्रथम ठाणे कोणते ते विचारावे, मग गुन्हा क्रमांक, मग कोणत्या न्यायालयापुढे नेले ते. ही तीन उत्तरे वहीत टिपून घ्यावीत, उत्तर देणाऱ्याचे नाव व वेळ यांसह. तुरुंगात नेले असल्यास तेथील नोंद ही चौथी पायरी. आणि पाचवी पायरी, जी बहुतेक घरे विसरतात, ती म्हणजे शेवटचा कागद: सुटका, दोषमुक्ती वा निर्दोष ठरविणारा निकाल यांची प्रमाणित प्रत. अटकेची बातमी गावभर आपण होऊन जाते. निकालाची प्रत घरात कोणी तरी जपून ठेवावी लागते.

वडीलधाऱ्यांच्या जुन्या कैदेचा शोध घेऊ पाहणाऱ्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की प्रथम घरातील वृद्धांना विचारा. नाव, बापाचे नाव, गाव, पावसाळा की उन्हाळा, सोबत कोण होते, एवढे कळले तरी दप्तर बोलू लागते. माणसे आहेत तोवर विचारले पाहिजे. आमच्या वंशावळीत धाकट्या आजोबांच्या नावापुढे आम्ही आता दोन तारखा लिहिल्या आहेत, व त्यांच्यापुढे ‘तुरुंगात, कारण: चौकशी’ असे, वहीत होते तसेच. खाली धाकट्या आजीच्या नावापुढेही एक ओळ घातली: ‘ऑगस्ट १९५५, पतीच्या शोधार्थ म्हापशापर्यंत पायी.’ ही नोंद कोणत्याही सरकारी वहीत नव्हती. ती माई आत्याने सांगितली.